चाळीस लिटर बिअरसाठी केवढं पातेलं? इंदूरमधलं एक प्रकरण

इंदूरमधल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत मुख्य केटल, म्हणजे बिअरचं द्रव उकळायचं भांडं, ५०० लिटरची आहे. नवी रेसिपी करून बघायची तर एकदम ५०० लिटर पणाला लावावे लागतात, आणि फसली तर सगळी नाल्यात. म्हणून मालकांनी आणि ब्रुअरने ४० लिटरचा चाचणी-संच उभारायचं ठरवलं. आकार, पद्धत, सामान सगळं घरगुती ब्रुइंगचं. जागा मात्र परवान्याचीच. हे आधी सांगणं भाग आहे, कारण मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, १९१५ खाली परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, स्वतःला पिण्यापुरती असली तरी. चाचणीची केटल आत आणण्याआधी या मंडळींनी आबकारी खात्याकडून होकार घेतला होता.

मॅश टन (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवायचं भांडं) आणि फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) यांवर कुणाचं दुमत नव्हतं. वाद झाला तो वर्ट (माल्टमधून निघालेलं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) उकळायच्या भांड्यावर, आणि तीन सूचना पुढे आल्या. एक भागीदार म्हणाले, ५० लिटरचं भांडं घ्या, ४० लिटर बिअरला १० लिटर जास्तच आहेत. दुसऱ्यांनी मराठी मंडळाचं कोजागिरीचं दूध आटवायचं पातेलं सुचवलं. ६० सेंटिमीटर रुंद, ३६ सेंटिमीटर खोल, वर्षातून एकदा निघतं आणि बाकी दिवस कोठीत धूळ खातं. (मंडळातल्या वहिनींनी ही सूचना ऐकताक्षणी निकालात काढली. त्याची कारणं तांत्रिक नव्हती, पण निर्णय तांत्रिकदृष्ट्याही बरोबर होता, ते पुढे येईल.) बर्तन बाजारातल्या दुकानदाराचं म्हणणं तिसरं: १०० लिटरचा भगोनाच घ्या, पुढेमागे काम वाढेल.

तिघंही भांड्याच्या नावातल्या लिटरवरून बोलत होते. हिशेब उलट्या टोकाने, फर्मेंटरपासून मागे, मांडावा लागतो.

फर्मेंटरमध्ये ४० लिटर थंड वर्ट हवा. उकळून झाल्यावर तळाशी हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) आणि गोठलेल्या प्रथिनांचा गाळ बसतो, ज्याला ब्रुअर ट्रब म्हणतात. तो आणि त्यात अडकलेला वर्ट मिळून ३ लिटर सोडून द्यावे लागतात. म्हणजे ४३ लिटर. उकळता वर्ट थंड होताना साधारण ४ टक्के आकसतो, त्यामुळे गॅस बंद करताना केटलमध्ये सुमारे ४५ लिटर असायला हवेत. तासाभराच्या उकळीत या आकाराच्या भांड्यातून ६ लिटर वाफ होऊन जातात असं धरलं, तर उकळी सुरू होताना ५१ लिटर. आणि वर फेसाला जागा. फेसासाठी भांड्याचा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवायचा असेल, तर ५१ ला ०.८ ने भागा: ६४ लिटर.

५० लिटरचं भांडं इथेच बाद झालं. त्यात उकळायच्या आधीचा वर्टच मावत नाही. कमी पाण्यात घट्ट वर्ट उकळायचा आणि शेवटी पाणी ओतून पुरा करायचा, अशी एक पळवाट घरगुती ब्रुअर वापरतात. पण घट्ट वर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो आणि रंग गडद होतो. चाचणीचा हेतू मोठ्या केटलशी तुलना करण्याचा असताना ही पळवाट कामाची नाही. घरगुती ब्रुइंगची बहुतेक माहिती अमेरिकेतून येते (तिथे १९७८ च्या कायद्याने घरी बिअर बनवायला मोकळीक मिळाली), आणि तिथे १० गॅलन म्हणजे ३८ लिटरच्या घाण्याला १५ गॅलनची, म्हणजे ५७ लिटरची केटल बऱ्याच ठिकाणी सुचवलेली आढळते. ती चालते, पण डोळ्यात तेल घालून. गव्हाचा माल्ट असेल तर फेस आणखी चढतो आणि तेवढ्यानेही भागत नाही.

फेस येतो कशामुळे, हे इथेच सांगायला हवं. वर्ट उकळीला येतो तेव्हा त्यातली प्रथिनं बुडबुड्यांभोवती पडदा धरतात आणि दुधासारखा थर चढत जातो. प्रथिनं गोठून गुठळ्या झाल्या की, पाच-दहा मिनिटांत, तो आपोआप बसतो. धोका या पाच-दहा मिनिटांचा आहे. दुसरा धोका पहिले हॉप्स टाकताना: हॉप्सच्या गोळ्यांच्या खडबडीत कणांवर एकदम हजारो बुडबुडे तयार होतात आणि शांत दिसणारी उकळी क्षणात कडेवरून बाहेर पडते. उपाय दूध उतू जाताना करतो तेच. आच खाली करा, पळ्याने ढवळा, वरून थंड पाण्याचा फवारा मारा. फरक इतकाच, की वर्ट साखरेचा असल्याने बर्नरवर सांडला तर जळून छिद्रं बुजवतो आणि पुढची उकळी पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीवर करावी लागते.

आता कोजागिरीचं पातेलं. ६० सेंटिमीटर व्यास आणि ३६ सेंटिमीटर उंची म्हणजे सुमारे १०२ लिटर, जागा भरपूर. पण ५१ लिटर त्यात फक्त १८ सेंटिमीटर चढतात आणि उकळीनंतरचे ४५ लिटर १६ सेंटिमीटर. या ब्रुअरीत वर्ट थंड करायला तांब्याच्या नळीचं वेटोळं वापरायचं होतं: १२ मिलिमीटरची १५ मीटर नळी, ३० सेंटिमीटर व्यासाचे सोळा वेढे, उंची २४ सेंटिमीटर. म्हणजे वेटोळ्याचा तिसरा हिस्सा हवेत राहणार. त्यावर शिंतोडलेला वर्ट तिथेच सुकतो, आणि थंड करण्याचा वेळ वाढतो तो वेगळाच. इंदूरच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीच तिशीच्या वर असतं. तशा पाण्याने वर्ट ३५ अंशांपर्यंत आणायलाच पुरं वेटोळं बुडलेलं लागतं. पुढचं काम बर्फाच्या पाण्याने करावं लागतं.

रुंद पातेल्यात वाफ जास्त होते हेही खरं, पण त्याचं कारण लोक समजतात तेवढं सरळ नाही. एकदा उकळी आली की किती पाणी उडणार हे मुख्यतः तळातून किती उष्णता आत जाते त्यावर ठरतं. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२५७ किलोजूल लागतात. तासाला ६ किलो उडवायचे तर ३.८ किलोवॅट निव्वळ उष्णता. रुंद तळ ज्योतीची उष्णता जास्त पकडतो, म्हणून त्यातून जास्त उडतं. ज्योत कमी केली की वाफही कमी होते. पण मग एवढ्या रुंद पृष्ठभागावर उकळी कडेला मरते आणि मध्येच बुडबुडत राहते.

दुकानदाराचा १०० लिटरचा भगोना, साधारण ५० बाय ५१ सेंटिमीटरचा, याहून बरा. त्यात ४५ लिटर २३ सेंटिमीटर चढतात, वेटोळं जवळजवळ बुडतं. पिशवीतल्या मॅशची पद्धत असती, म्हणजे माल्ट कापडी पिशवीत घालून सगळं पाणी त्याच केटलमध्ये, तर हाच भगोना बरोबर ठरला असता. १.०५० ग्रॅव्हिटीच्या (ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता, साखर जास्त तर आकडा मोठा) ४० लिटरला सुमारे १० किलो माल्ट लागतो, किलोमागे तो एक लिटर पाणी पिऊन बसतो, त्यामुळे एकूण पाणी साधारण ६० लिटर. त्यात १० किलो माल्ट स्वतः ६.७ लिटर जागा अडवतो. ६७ लिटर मावून वर ढवळायला जागा हवी, तर ८० ते १०० लिटरचंच भांडं लागतं. इथे मॅश टन वेगळा होता, म्हणून ही गरज नव्हती.

निवड झाली ती ७० लिटरची: आतला व्यास ४५ सेंटिमीटर, उंची ४४ सेंटिमीटर. या मापाचा मोठा फायदा असा, की प्रत्येक सेंटिमीटरला १.५९ लिटर. ५१ लिटर म्हणजे ३२ सेंटिमीटर, वर फेसाला १२ सेंटिमीटर. ४५ लिटर म्हणजे सव्वाअठ्ठावीस सेंटिमीटर, वेटोळं बुडून वर चार सेंटिमीटर. स्टीलच्या पट्टीवर खुणा कोरल्या की काचेची पातळीनळी लावायची गरजच राहत नाही. ती नळी फुटते, आतून घासता येत नाही, आणि उकळी चालू असताना तिच्यातली पातळी नाचत राहते.

धातूची निवड करताना बाजार चुकवतो

ॲल्युमिनियमबद्दल बरेच गैरसमज आहेत. वर्टचा सामू ५.२ ते ५.४ असतो आणि ऑक्साइडचा थर बसलेलं ॲल्युमिनियम तेवढं आम्ल सहज पचवतं. उष्णता तर ते स्टीलपेक्षा कितीतरी चांगली पसरवतं, म्हणून तळाला वर्ट लागत नाही. (चिंचेने किंवा राखेने घासून चकचकीत केलं की तोच थर निघून जातो, ॲल्युमिनियमची केटल काळपटच बरी.) इथे ते नाकारलं ते एकाच कारणाने: ब्रुअरीतली सफाई कॉस्टिक सोड्याने होते आणि अल्कली ॲल्युमिनियम खाते. रात्रपाळीतल्या मुलाने एकदा सवयीने कॉस्टिक भरून ठेवलं की भांडं संपलं.

स्टील घ्यायचं तर ३०४ ग्रेडचं. बर्तन बाजारात मोठी भांडी बऱ्याचदा २०१ किंवा २०२ ग्रेडची असतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटला नाही की म्हणतो, "असली ३०४ है." ही परीक्षा फसवी आहे. २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. त्यात निकेल ४ ते ६ टक्के असतं आणि उरलेली जागा मँगनीजने भरलेली असते. ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या आसपास. फरक कळतो तो वेल्डिंगच्या शिवणीजवळ, काही महिन्यांनी तांबूस ठिपके आल्यावर. खात्री करायची तर पत्र्याचं मिल टेस्ट सर्टिफिकेट मागावं, किंवा भंगारवाले वापरतात त्या एक्सआरएफ गनने (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणाऱ्या यंत्राने) तपासून घ्यावं. थेंब आणि नऊ व्होल्टच्या सेलचं तपासणी किटही मिळतं. मँगनीज जास्त असेल तर थेंब लाल होतो.

तयार भगोना न घेता सांवेर रोडवर दूध-नमकीनवाल्यांची भांडी बनवणाऱ्या एका फॅब्रिकेटरकडे केटल घडवून घेतली. बाजारातल्या भगोन्याचा पत्रा पातळ असतो, आणि भट्टीच्या टोकदार ज्योतीवर पातळ तळाला गरम ठिपके पडतात. त्या ठिपक्यांवर वर्टमधली साखर करपते. म्हणून तळ ३ मिलिमीटर, बाजू १६ गेज (सुमारे १.६ मिलिमीटर). सँडविच तळ, म्हणजे दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये ॲल्युमिनियम, याहून चांगला, पण एवढ्या आकारात कामगिरी बेताची असेल तर थर सुटतो. ३ मिलिमीटरचा एकसंध तळ जास्त भरवशाचा.

फॅब्रिकेटरला तोंडी सांगून चालत नाही. कागदावर दिलेल्या मापांत या गोष्टी होत्या. तळ आणि बाजू यांचा कोपरा काटकोनात नको, २५ मिलिमीटरची गोलाई हवी, म्हणजे ब्रश पोचतो. सगळे जोड टिग वेल्डिंगचे, आतल्या बाजूला आर्गॉन सोडून. तसं केलं नाही तर आतली शिवण काळी, दाणेदार येते आणि तिच्यात घाण बसते. कडी रिबिटची नको, वेल्ड केलेली. तोटी तळापासून १५ मिलिमीटर वर, आतली नळी भिंतीलगत वळवलेली. उकळीनंतर वर्ट गोल फिरवून वीस मिनिटं ठेवला की ट्रब मध्यभागी ढीग करतो. नळी मध्यात असेल तर तोच ढीग आधी ओढला जातो. तोटीला आट्याचं कनेक्शन न ठेवता डेअरीत वापरतात तसा दीड इंची टीसी क्लॅम्प (आट्यांऐवजी बाहेरून कडं आवळून बसणारा जोड) आणि तीन भागांत सुटणारा बॉल व्हॉल्व्ह. आट्यांत साखर अडकते, आणि ही तोटी उकळीनंतरचा वर्ट बाहेर काढते, तेव्हा तिथली घाण मारायला पुढे कुठलीच उकळी नसते.

थर्मामीटरची खोबण तळापासून १० सेंटिमीटर वर. खाली असेल तर थर्मामीटर ज्योतीचीच आच दाखवतो. पहिल्या चाचणीत उकळी ९८ अंशांवर दिसली आणि थर्मामीटर खराब म्हणून परत करायची तयारी झाली. थर्मामीटर बरोबर होता. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या जरा वरच उकळतं. उकळी ढोबळमानाने दीड-पावणेदोन अंश कमी असल्याने पिल्सनर माल्टला तासाऐवजी ७५ ते ९० मिनिटं उकळणं बरं. या फिकट माल्टमधून डायमिथाइल सल्फाइड तयार होतं, शिजवलेल्या मक्यासारखा वास देतं, आणि ते वाफेबरोबर उडून जावं लागतं. म्हणून उकळताना झाकण लावायचं नाही. झाकण उकळी येईपर्यंतच. आणि तासाला ६ लिटरची वाफ जाते कुठे हेही आधीच बघावं: इथे केटल स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टच्या छत्रीखाली ठेवली, नाहीतर आठवड्यात छताचा रंग सुटला असता.

आच आणि पहिल्या चुका

५१ लिटर वर्ट ६६ अंशांवरून ९८ वर अर्ध्या तासात न्यायचा तर निव्वळ ३.८ किलोवॅट लागतात. उकळी टिकवायलाही तेवढेच, शिवाय बाजूंनी जाणारी उष्णता. ५ किलोवॅट निव्वळ धरा. उघड्या गॅस भट्टीची जेमतेम ४० टक्के उष्णता भांड्यात जाते, म्हणून बर्नर १२.५ किलोवॅटचा. तो पूर्ण चालला की तासाला सुमारे एक किलो गॅस जातो. पाणी तापवण्यापासून उकळीपर्यंत एका घाण्याला २ ते अडीच किलो, म्हणजे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये सात ते नऊ घाणे. थंडीत सिलिंडर संपत आलेला असेल तर बाहेरून दव धरतं आणि ज्योत बसते. उकळीच्या मध्यावर हे होऊ नये म्हणून दुसरा सिलिंडर जोडलेलाच असावा. विजेचा विचार झाला होता. साडेपाच किलोवॅटची कॉइल २३० व्होल्टवर २४ अँपिअर ओढते, स्वतंत्र लाइन लागते, आणि कॉइलचा पृष्ठभाग मोठा नसेल तर वर्ट तिच्यावरच करपतो. गॅसची लाइन तयार होती, विषय तिथेच मिटला.

भरलेली केटल उचलायचा विचारही करू नये. रिकामी १४-१५ किलो, त्यात पन्नासेक किलो उकळता वर्ट. पाच मिलिमीटरच्या लोखंडी अँगलचं स्टँड करून तोटी फर्मेंटरच्या तोंडापेक्षा वर ठेवली. वर्ट उताराने जातो, कुणी कडी धरत नाही.

नव्या भांड्यावर कारखान्याचं तेल असतं. आधी २ टक्के कॉस्टिकच्या गरम द्रावणाने ते काढलं, भरपूर पाण्याने धुतलं, मग ४ टक्के सायट्रिक ॲसिड ६० अंशांवर अर्धा तास ठेवून स्टीलचा संरक्षक थर बसवला. ब्लीचिंगची पावडर किंवा क्लोरीनचं कुठलंही द्रावण स्टीलमध्ये भिजत ठेवायचं नाही. ३०४ सुद्धा त्याने ठिपक्यांनी खराब होतं.

पहिली चाचणी नुसत्या पाण्याची. ५१ लिटर, ज्योत पूर्ण, एक तास. पट्टीवर पातळी ४.७ सेंटिमीटर उतरली, म्हणजे साडेसात लिटर. ठरवले होते ६. दीड लिटर जास्त उडणं किरकोळ वाटतं, पण वर्टमधली साखर उडत नाही. १.०४४ चे ५१ लिटर ४५ वर आणले तर १.०५० येते, ४३.५ वर आणले तर जवळपास १.०५२, आणि बिअर दीड लिटर कमी. रेसिपीची तुलना करायला बसलेल्या माणसाला हा गोंधळ नको. रेग्युलेटरवर खूण करून, उकळी आल्यानंतरची ज्योत कमी केली. तिसऱ्या चाचणीत ३.८ सेंटिमीटर उतरली. तोवर तोटीचं हँडल मऊ पडलं होतं. ज्योत बाजूने वर येऊन तोटीला चाटत होती, त्या बाजूला पत्र्याचा छोटा आडोसा वेल्ड केला आणि व्हॉल्व्हचं टेफ्लॉन सीट बदललं.

पहिला खरा घाणा गव्हाचा, निम्मा गहू माल्ट. तळाला वाटीएवढा तपकिरी डाग पडला आणि बिअरला धुरकट करपट चव आली. तळ जाड असूनही असं का? मॅश टनमधून वर्ट हळूहळू येत होता आणि वेळ वाचवायला तळात ८ लिटर, म्हणजे ५ सेंटिमीटर, जमताच ज्योत पूर्ण उघडली होती. गव्हाचं बारीक पीठ वर्टबरोबर येऊन तळाशी बसलं आणि खिरीसारखं लागलं. आता नियम केलाय: १० सेंटिमीटर वर्ट जमेपर्यंत आच नाही, ३० सेंटिमीटरपर्यंत मंद आच आणि तळापासून लाकडी उलथनं फिरवत राहायचं.

एक गोष्ट मात्र केटल बदलून सुटत नाही. या छोट्या केटलमधून तासाला १२ टक्के पाणी उडतं, मोठ्या ५०० लिटरच्या केटलमधून ७ च्या आसपास. त्यामुळे रेसिपी मोठ्या घाण्यात नेताना साडेबारापट करून भागत नाही. उकळीआधीची ग्रॅव्हिटी वेगळी ठेवावी लागते, आणि हॉप्सची मात्रा दोन्ही केटलमधल्या बिअरची चव शेजारी ठेवून दोन-तीन घाण्यांत बसवावी लागते. सध्या ब्रुअरच्या वहीत प्रत्येक घाण्यापुढे चार आकडे लिहिले जातात: उकळीआधीची पातळी, नंतरची पातळी, दोन्ही वेळची ग्रॅव्हिटी. पातळ्या सेंटिमीटरमध्येच, लिटरचा रकाना नंतर भरायचा.